पन्नास पैशांच्या आत

अंबडच्या बसस्टँडपासून मत्स्योदरी देवीच्या टेकडीपर्यंत चालत जा आणि वाटेत जो भेटेल त्याला "कसं काय चाललंय?" एवढंच विचारा. "एकदम मजेत" असं कोणी म्हणालाच, तर तो बाहेरगावचा असतो, नाहीतर विमा विकत असतो. बाकीच्यांची उत्तरं ठरलेली. "काय खरं नाही राव." "चाललंय ढकलत." "पाऊस कुठंय?" आणि पाऊस झालेला असलाच तर "पावसानं पार वाट लावली." उत्तर देणाऱ्याच्या दारात नवा ट्रॅक्टर असतो, ट्रॅक्टरच्या बोनेटवर अजून झेंडूचा हार असतो, आणि हाराला टेकून तो माणूस सांगत असतो, की काय खरं नाही.

ह्याला खोटं बोलणं म्हणू नये. ही खबरदारी आहे. पैशाने सुख मिळतं का, ह्यावर जगभरचे पंडित डोकं खाजवत बसलेत. आमच्याकडे तो प्रश्न अजून पटलावर आलेलाच नाही, कारण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे: आपण सुखी आहोत हे चारचौघांत कबूल करायला किती खर्च येतो? ह्याचा हिशोब मात्र शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. सकाळी टपरीवर चहा पिताना तोंडातून चुकून "यंदा बरं हाय" निघून गेलं, की दुपारी बायकोचा चुलतभाऊ दारात. बोअरमध्ये मोटर अडकलीय, "दाजी, फकस्त आठ दिवसांसाठी." चार वाजता नवरात्र मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन, आणि पावतीवर आकडा आधीच टाकलेला. संध्याकाळी सोसायटीचा माणूस, थकबाकीची आठवण द्यायला. मुलीचं स्थळ चालू असेल तर रात्री मध्यस्थाचा फोन, की पाहुणे म्हणतात कार्यालय जालन्याचं धरू. एक वाक्य, आणि दिवसभरात लाखाचा खड्डा. त्यापेक्षा "काय खरं नाही" स्वस्त पडतं.

ह्या स्वभावाला शासनमान्यताही आहे. बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या गावांची अवस्था दरवर्षी पैशात मोजली जाते. तिला पैसेवारी म्हणतात. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पीक प्रमाण उत्पन्नाइतकं आलं तर शंभर पैसे, अर्धं आलं तर पन्नास. सप्टेंबरात नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरात सुधारित, वर्षअखेरीस अंतिम. पन्नास पैशांच्या आत गाव आलं, की टंचाईच्या सवलतींची दारं उघडतात. शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के माफी, पोरांचं परीक्षा शुल्क माफ, टँकर, रोजगार हमीची कामं. पन्नासच्या वर गेलं, की काही नाही.

म्हणून अठ्ठेचाळीस पैसे आले की गाव सुटकेचा श्वास सोडतं. एकावन्न आले की सुतकी कळा. सरपंचाला लोक धारेवर धरतात: "तात्या, तुम्ही समितीत असून एकावन्न? दोन पैसे खाली आणता आले नाहीत?" तात्या खाली मान घालतात. शेजारच्या गावाची पैसेवारी सत्तेचाळीस आलेली असते, त्यांचं पीक बांधापलीकडून हिरवंगार दिसत असतं, आणि आपण मात्र सरकारदरबारी सुखी ठरलेलो असतो. पीक चांगलं आल्याची बातमी ऐकून तहसीलवर मोर्चा नेणारी जनता जगात आणखी कुठे असेल तर मला कळवावं. अलीकडे दुष्काळ ठरवण्याचे निकष बदलले आहेत, त्यात उपग्रह आले, जमिनीतला ओलावा आला. पण लोकांच्या डोक्यातला पन्नासचा आकडा उपग्रहाला हलत नाही.

अशा प्रदेशात सुखाची पाहणी कशी करणार? दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो. २०१८ पासून फिनलंड पहिला. भारत २०२४ मध्ये १२६वा, २०२५ मध्ये ११८वा. पेपरात अग्रलेख येतात, आपलं काय चुकतंय म्हणून. ही यादी ज्या एका प्रश्नावर उभी आहे, तो असा: समजा एक शिडी आहे, तळाशी शून्य, वर दहा, सगळ्यात वर तुमचं उत्तमात उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईटात वाईट, तुम्ही कितव्या पायरीवर आहात? आता हा प्रश्न हातात टॅब आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एखादा पोरगा आमच्या पारावर विचारतो आहे अशी कल्पना करा.

"कशाचा सर्वे हाय?"

"आनंदाचा, आबा."

"आधार लागतंय का?"

"नाही लागत."

"मंग नाव यादीत कसं बसणार? बरं, ह्या शिडीला अनुदान वरच्यांला हाय का खालच्यांला?"

पोरगा सांगतो, अनुदान नाही. आबांचा विश्वास बसत नाही. अनुदान नसेल तर एवढ्या उन्हात हा आला कशाला? ते शेजारच्याकडे बघतात, शेजारचा हळूच दोन बोटं दाखवतो. "दोन लिहा. दोन बी जास्तच होतंय, पण लिहा." फिनलंडच्या माणसाला सात किंवा आठ म्हणताना मागे कोणी उसने मागणारा उभा नसतो. मला तर वाटतं, भारताचे पाच-पन्नास क्रमांक नुसत्या ह्या खबरदारीपायी गेले असतील.

जगात सगळ्या बाजूंनी सुखी असा कोण आहे, हा सवाल मराठीत ज्यांनी विचारला ते समर्थ रामदास १६०८ साली जांबेत जन्मले. जांब आता घनसावंगी तालुक्यात आहे, पण हा तालुका नंतर फुटला; पूर्वी ते आमच्या अंबड तालुक्यातच. मनाला उद्देशून विचारण्याआधी समर्थांनी तो सवाल गावातल्या पारावर विचारून पाहिला असणार असा माझा अंदाज आहे. नकार एकमताने आला असेल.

आणि हे सगळं आम्ही शिकलो ते मोठ्या घरून. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत अंबडवर ज्यांचं राज्य होतं ते सातवे निजाम, मीर उस्मान अली खान, हे त्या काळी जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ समजले जात. २२ फेब्रुवारी १९३७ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते ह्याच कारणासाठी झळकले. स्वतःचा सिक्का, स्वतःच्या नोटा. आमच्या आजोबांच्या पिढीचा व्यवहार 'हाली'त चाले आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. विलीनीकरणानंतरही हाली १९५९ पर्यंत चालत राहिला. तर एवढ्या दौलतीचा हा धनी वापरायचा काय? मळकी शेरवानी, वर्षानुवर्षं तीच एक टोपी, आणि सिगारेट स्वस्तातली. वडिलांच्या जोड्यात सापडलेला सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा त्यांनी कागदांवर वजन म्हणून ठेवला होता, ही गोष्ट तर जगभर सांगतात. लोक त्याला चिक्कूपणा म्हणतात. मला त्यात अस्सल मराठवाडी मुरब्बीपणा दिसतो. "हुजूर, कसं काय?" असं विचारायची कोणाची टाप नव्हती, नाहीतर उत्तर तेच आलं असतं.

त्यांनीही पैसा लपवला, आणि एकदा फसले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादच्या नावावरचे १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि वर नऊ शिलिंग लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्ताच्या खात्यात गेले. निजामांनी लगेच ते परत मागितले. बँक म्हणाली, आधी ठरवा कोणाचे. ठरायला २०१९ साल उजाडलं. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती आणि मालक १९६७ सालीच गेले होते. बँकेत पैसे अडकलेला आमच्याकडचा कोणताही ठेवीदार ही हकिगत ऐकून थोडा हलका होतो. साक्षात निजामाला एकाहत्तर वर्षं चकरा, आपण तर अजून कोवळे आहोत.

उघड खर्च करण्याचं उदाहरण आमच्याकडे एकच, आणि तेही अडीचशे वर्षांपूर्वीचं. अंबडची बारव आणि खंडोबाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं सांगतात. बाईंनी आपल्या खासगीच्या पैशातून काशी-गयेपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, विहिरी खणल्या, धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र पांढऱ्या लुगड्यात राहिल्या. त्यांचं कौतुक सगळे करतात. जयंतीला हार, मिरवणूक, भाषणं. अनुकरण म्हणाल तर ते निजामाचं.

जिल्ह्याच्या गावाची तऱ्हाही वेगळी नाही. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुनी, आणि बी-बियाणं, लोखंड ह्यांमुळे ती आजही खरी. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या लोखंडाच्या कारखानदारांवर आयकर खात्याने धाडी घातल्या. पन्नास कोटींच्या वर रोकड निघाली, मोजायला तेरा तास लागले असं पेपरांत आलं. पण आमच्या लक्षात राहिली ती अधिकाऱ्यांची शक्कल. ते गाड्यांवर लग्नाचे स्टिकर लावून वऱ्हाडाच्या रूपात आले होते. ह्याला म्हणतात स्थानिक परिस्थितीचा अभ्यास. जालना जिल्ह्यात चाळीस-पन्नास गाड्या एकामागून एक शिरल्या तरी कोणाला संशय येऊ नये, असं कारण लग्नाखेरीज दुसरं नाहीच. लग्नाकडे नंतर येतो.

आधी कापूस. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं, दहा हजार आल्याशिवाय द्यायचा नाही. कापूस घरात भरला. घरात म्हणजे घरातच: पहिली खोली छतापर्यंत, मधली खोली खिडकीपर्यंत, आणि माणसं स्वयंपाकघरात. पाहुणा आला तर त्याला कापसावर बसवायचं. बोलता बोलता तो छातीपर्यंत आत जायचा. बिडी अंगणाबाहेर. देवापुढची उदबत्ती बंद, निरांजन ओसरीत. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. डॉक्टर मलम द्यायचे आणि हळूच विचारायचे, "तुमच्याकडे किती क्विंटल?"

पण त्या चार महिन्यांत माणसं जितकी सुखात होती तितकी मी नंतर पाहिली नाहीत. आमच्या ओळखीच्या एका अण्णांकडे चाळीस क्विंटल होता. चाळीस गुणिले दहा हजार, चार लाख. ह्या चार लाखांतून जानेवारीत बोअर झाली, फेब्रुवारीत मुलाला मोटारसायकल घेतली, मार्चमध्ये थोरलीचं लग्न उरकलं, आणि तरीही चार लाख शिल्लकच होते. सगळं अर्थात रात्री कापसावर पडल्या पडल्या. भाव साडेआठ झाला, व्यापारी दारात आला. अण्णा त्याच्याकडे अशा दयेने बघत होते, की निजामानं बघावं. "दहा झाले की सांगावा धाडतो." भाव आठवर आला, तरी अण्णा खुशीत: "उतरतंय म्हणजे चढणारंय." शेवटी साडेसातच्या आसपास गाडी भरली. हातात आले ते सोसायटी आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीत वळते झाले. अण्णांचा चेहरा पडलेला. काकू मात्र पदर खोचून खराटा घेऊन खोलीत शिरल्या, भिंत दिसेपर्यंत झाडली आणि म्हणाल्या, "बाई बाई, घर केवढं मोठं हाय आपलं!"

मोसंबीचं ह्याच्या बरोबर उलटं. वर्षभर रडणारा शेतकरी एकच दिवस सुखाचा पाढा वाचतो, तो म्हणजे बागवान बाग बघायला येतो तेव्हा. बाग उक्ती द्यायची असते, भाव झाडावर ठरायचा असतो. मग काय वर्णन! "फळ बघा काय लागलंय. पाणी धो-धो. शेणखताशिवाय दुसरं काही घातलं नाही. पोरासारखी सांभाळलीय." आणि "काय खरं नाही" म्हणायची पाळी त्या दिवशी बागवानावर. तो झाडाखाली उभा राहून वर बघतो, जीभ टाळूला लावून च्च करतो. गळ फार आहे. माल बारीक आहे. दिल्लीला उठाव नाही. मागच्या गाडीत सत्तर हजार बुडाले. जाणकार माणसाने हा प्रयोग बांधावर बसून बघावा. दोघांच्याही अंगात एकमेकांची भूमिका इतकी मुरलेली असते, की इसार हातात पडल्याच्या पुढच्या क्षणाला दोघं आपापल्या मूळ सुरावर येतात. बागवान गाडीत बसताना हसत असतो, आणि शेतकरी बांधावरच्या माणसाला सांगतो, "मातीमोल गेली हो." ह्याच बागा २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरने जगवल्या, आणि टँकर परवडेना तेव्हा वाळलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडली. त्या वर्षी मात्र "कसं काय?" असं कोणी कोणाला विचारत नव्हतं.

लपवता न येणारा पैसा एकच: मावेजा. सोलापूर-धुळे महामार्ग शहागड, वडीगोद्रीवरून रुंद झाला तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मावेजा मिळाला. गट नंबर, क्षेत्र, रक्कम, सगळं कागदावर, यादीत, सगळ्यांसमक्ष. आता म्हणा काय खरं नाही! कोणी ऐकून घेईना. बहिणी हक्कसोड केलेल्या होत्या त्या परत हक्कावर आल्या, दहा वर्षं तोंड न दाखवलेले पाहुणे मुक्कामाला आले. १९७८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बावीस लॉटरीविजेत्यांचा अभ्यास झाला होता. ते त्यांच्या आसपासच्या लोकांपेक्षा काही विशेष सुखी निघाले नाहीत. संशोधकांनी सांगितलं, माणसाला सगळ्याची सवय होते. मला हे कारण पटत नाही. लॉटरीवाल्याचं नाव सगळ्यांना कळतं, हे खरं कारण. एकदा त्यांना आमच्या मावेजावाल्यांच्या शेजारी बसवायला हवं होतं.

उलट, कोणाला न कळलेल्या पैशाचं सुख बघायचं असेल तर आमच्या बायकांकडे बघा. तुरीच्या डाळीच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत, देव्हाऱ्यातल्या तांब्यात त्यांचा स्वतंत्र खजिना असायचा, आणि घरधन्याला त्याचा पत्ता नसायचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि घराघरांतले डबे एकदम उघडावे लागले. काळा पैसा किती सापडला हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. अंबडमध्ये डाळीचा पैसा सापडला. "आण्णा, तुमच्या घरात बत्तीस हजार होते आणि तुम्ही माझ्याकडून युरियाला पाचशे नेले?" असे संवाद झाले. बायका कितीतरी दिवस हळहळत होत्या. पैसे बदलून मिळाले होते, जसेच्या तसे. गेलं होतं ते गुपित.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले तीन हजार खात्यावर पडले, दोन महिन्यांचे एकदम. ग्राहक सेवा केंद्रासमोर रांग. आमच्या गल्लीतली एक मावशी अंगठा लावून पाचशे काढायची, बाकीचे "राहू दे खात्यात." पाचशेचं काय करायची? नातवाला कुरकुरे, स्वतःला बांगड्या, आणि उरलेले परत डाळीच्या डब्यात. घरी सांगायची, "केवायसी अडकलीय, पैसे आलेच नाहीत." नवरा दोन महिने पंचायत समितीत तक्रार करत फिरत होता. मावशी त्याला रोज डबा भरून द्यायची.

२०१० मध्ये डॅनियल कानमन आणि अँगस डीटन ह्या दोघांनी, पुढेमागे नोबेल मिळालेले हे दोघेही, असा निष्कर्ष काढला की वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलरपर्यंत मिळकत वाढली की रोजचा आनंद वाढतो, पुढे वाढत नाही. तेव्हाच्या भावाने चौतीस लाख रुपये. २०२३ मध्ये कानमन ह्यांनीच दुसऱ्या संशोधकांबरोबर फेरतपासणी केली, तेव्हा निघालं की बहुतेकांचा आनंद त्यापुढेही वाढत राहतो. मुळातच जे दुःखी, त्यांचाच अडतो. हा आकडा आमच्याकडे लावता येणार नाही, कारण आमचं उत्पन्न तहसीलच्या दाखल्यावर असतं. सगळ्यांचं साधारण सारखंच, अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास, वार्षिक. पोराच्या शिष्यवृत्तीला तेवढंच परवडतं. स्वीडनहून कोणी पारितोषिक घेऊन आलं तरी आधी दाखला दाखवू.

आणि अशा अठ्ठेचाळीस हजारवाल्याच्या घरचं लग्न. वर्षभर दाबून ठेवलेलं जे काही असतं ते ह्या एका दिवशी मांडवात येतं: तीन हजार पानं, दोन डीजे, नवरदेवाची घोडी, शिवाय नवरीची बग्गी, आहेराच्या पुकाऱ्याला जालन्याहून आणलेला निवेदक. परवाच अशा एका लग्नाला गेलो होतो. वधूपिते, ज्यांना मी गेली कित्येक वर्षं "काय खरं नाही" शिवाय काही बोलताना ऐकलेलं नाही, नवा फेटा बांधून पंगतीच्या तोंडाशी उभे होते. घामाने फेट्याचा रंग कपाळावर उतरला होता. मी म्हणालो, "बापू, काय थाट केला! मन प्रसन्न झालं."

"कशाचा थाट राव," बापू म्हणाले, "कर्ज काढून केलं. कंबर मोडली." आणि तिथूनच मागे वळून आचाऱ्यावर ओरडले, "आरं ए, जिलबीचे अजून दोन घाणे काढ! सरपंचाची पंगत बसायचीय!"